चाल आधी की आवाज आधी? (सॉफ्टवेअर सिंथवर काम करणाऱ्यांसाठी, न करणाऱ्यांसाठीही)

खर्जातला

घरच्या घरी पार्श्वसंगीत करण्याबद्दल इथे मागे चर्चा झाली होती. तिथे एकाने विचारलं होतं की सिंथचं प्लगइन (कॉम्प्युटरवर आवाज घडवणारं सॉफ्टवेअर) उघडल्यावर सुरुवात नक्की कुठून करायची. दोन ओळींत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून हा वेगळा धागा.

मी एकांकिका, प्रायोगिक नाटकं आणि ऑडिओबुकं यांचं संगीत करतो. लॅपटॉप, दोन सप्तकांचा मिडी कीबोर्ड (स्वतःचा आवाज नसलेला, कॉम्प्युटरला जोडायचा) आणि हेडफोन, एवढाच संसार. लाकूड-लोखंडाचा खरा सिंथ घरात एकही नाही.

पेटीवर चाल बांधणारे आधी चाल करतात आणि मग ती कुठल्या वाद्याला द्यायची ते ठरवतात. आपलं अख्खं भावगीत असंच उभं राहिलंय, त्याबद्दल तक्रार नाही. पण सिंथवर याच क्रमाने गेलं की चालीला शोभेल असा आवाज हुडकायला प्रीसेटच्या, म्हणजे तयार आवाजांच्या, यादीत शिरावं लागतं. एक पॅड (लांब पसरणारा आवाज) ऐका, दुसरं ऐका, 'बरं आहे' म्हणून तिसऱ्याकडे जा. तासाभरात कान बधिर होतो आणि चालही शिळी वाटायला लागते. म्हणून मी उलट्या बाजूने जातो. एकच आवाज घ्यायचा. एकच पट्टी दाबून ठेवली तरी दोन मिनिटं ऐकत बसावंसं वाटेल इतका तो हलता करायचा. तोवर दुसऱ्या पट्टीला हात लावायचा नाही. पुढची चाल बहुतेकदा त्या आवाजाच्या स्वभावातूनच निघते.

हल्लीचं उदाहरण देतो. नाटकात गाणं सोडून दिलेली एक म्हातारी गायिका आहे. वाड्यात दुपारी एकटीच बोलत बसते. दिग्दर्शक म्हणाला, "तंबोरा नको. पण तंबोरा असल्यासारखं वाटलं पाहिजे." नाटकवाल्यांच्या मागण्या अशाच असतात.

सर्ज एक्सटी हे सिंथचं सॉफ्टवेअर उघडलं. फुकट आणि मुक्तस्रोत आहे. क्लेस योहान्सनने ते आधी विकायला केलं होतं, २०१८ मध्ये त्याने सोर्स कोड खुला केला आणि आता लोकच मिळून सांभाळतात. कोरा पॅच (काहीच न लावलेला आवाज) घेतला की हातात फक्त एक सॉ वेव्ह, म्हणजे करवतीच्या दातांसारखी लहर, येते. ऐकायला अगदी भिकार, पण तिच्यात मूळ सुराचे सगळे हार्मोनिक (त्याच्या दुप्पट, तिप्पट वगैरे कंपनांचे वरचे सूर) हजर असतात, आणि तंबोऱ्यासाठी नेमकं तेच हवं.

तंबोऱ्याची तार छेडली की आधी वरचे हार्मोनिक चमकतात, मग ती चमक टप्प्याटप्प्याने खाली उतरते. स्पेक्ट्रोग्राम (कुठल्या वेळी कुठले सूर वाजतात त्याचं चित्र) काढून बघा, उतरती रेघ डोळ्यांना दिसते. ही जवारीची, म्हणजे घोडीवर तार टेकण्याच्या तऱ्हेची, करामत. मी ती फिल्टरने काढली: बँड-पास (मधला पट्टाच सोडणारा), मध्यम रेझोनन्स (त्या जागेवरचा उठाव), एन्व्हलप (वेळेनुसार होणारा बदल) साधारण तीन हजार हर्ट्झवरून चार सेकंदांत पाचशेपर्यंत येणारा. नुसता बँड-पास ठेवला तर आवाज नाकातला होतो, म्हणून तीच सॉ वेव्ह लो-पासमधून (वरचं कापणाऱ्या फिल्टरमधून) समांतर सोडली, बरीच दबती. दर छेडीला फिल्टर किंचित वेगळ्या जागेवरून सुटावा म्हणून थोडं रँडम मॉड्युलेशन, म्हणजे आपोआप होणारा फेरफार. चार तारांना चार ट्रॅक. जोडीच्या दोन षड्जांत दोन सेंटचं अंतर ठेवलं (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग). काळी एकच्या षड्जाला, म्हणजे १३८.६ हर्ट्झला, दोन सेंट म्हणजे साधारण सहा सेकंदांनी एक हेलकावा. श्वासाच्या जवळपास जाणारा वेग आहे हा, आणि खरी मजा तिथेच आली.

आता मुद्द्याची गोष्ट. खर्जाची तार ६९.३ हर्ट्झ. तिचा पाचवा हार्मोनिक ३४६.५, म्हणजे तारेतून आपोआप निघणारा आपला स्वयंभू गंधार. तो माझ्या आवाजात स्पष्ट बोलत होता. त्यावर कीबोर्डवरचा गंधार, म्हणजे पांढरी चार दाबली. ती ३४९.२. सेकंदाला पावणेतीन हेलकावे. कचकच! पियानोच्या ट्यूनिंगमधला गंधार स्वयंभू गंधारापेक्षा जवळजवळ चौदा सेंट चढा असतो हे वाचून माहीत असतं, पण इथे ते दातात खडा आल्यागत लागलं. उलट रे, म, प मात्र चार, दोन आणि दोन सेंटनेच इकडेतिकडे. ते गुण्यागोविंदाने बसतात.

मग ठरवलं की गंधार मी वाजवायचाच नाही. तो तंबोऱ्याचा, त्यालाच बोलू दे. धैवतही सोडला. उरले सा, रे, म, प, नी. बोटं आपोआप सारंगाच्या अंगाने फिरायला लागली. प्रसंग दुपारचा होता हे नशीब. पेटी घेऊन बसलो असतो तर त्या म्हातारीसाठी मी नक्की काहीतरी भैरवीतलं रडकं केलं असतं.

तर तुम्ही कसं करता? आणि 'हे सगळं थोतांड आहे, चाल ती चालच' असं कुणाला वाटत असेल तर तेही लिहा.

नवशिक्या_२४

वाचनखूण साठवली! पण कोरा पॅच उघडला की मला पोटात गोळा येतो. इतकी बटणं. लॅपटॉप जुना आहे, आठ जीबी रॅम. सर्ज घेऊ की व्हायटल (तसाच दुसरा सिंथ)? आणि तारा छेडताना की दाबल्यावर आवाज जरा उशिरा येतो, त्याला काय करायचं?

कोथरूडी भुंगा

इतकं करून पहिल्या रांगेतला प्रेक्षक वेफर्सची पिशवी फोडतो, ती कुठल्या हार्मोनिकवर बसवणार?

(लेख भारी आहे, हे वेगळं सांगायला नको.)

जुना रेकॉर्डिस्ट

थोतांड म्हणणार नाही, पण विरोधी मत नोंदवतो.

यामाहाचा डीएक्स-७ हा सिंथ १९८३ साली आला. सहा ऑपरेटर (आवाज घडवणारे मूळ घटक), ते आपसांत जोडायच्या बत्तीस तऱ्हा, आणि हे सगळं एका चिमुकल्या पडद्यावरून. आत आवाज घडवायची सोय जबरदस्त. पण जगभरात बहुतेकांनी काय केलं? कंपनीने दिलेला इलेक्ट्रिक पियानो वाजवला. ऐंशीच्या दशकातली निम्मी गोड गाणी त्याच एका आवाजावर आहेत आणि त्यातली चांगली गाणी आजही चांगलीच वाटतात. का? चाल होती. आवाज कुणीही दिलेला असो.

आणि प्रीसेटला नावं ठेवणं सोपं आहे. जिंगलवाला अकराला येतो, त्याला पाचला फाईल हवी असते. तिथे सॉ वेव्हपासून सुरुवात केलीत तर पुढच्या वेळी फोन दुसऱ्याला जातो. प्रीसेट म्हणजे हॉटेलातली तयार ग्रेव्ही. रोज खाऊ नये, पण गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना कांदा चिरायला घेत नाहीत.

दुसरं उदाहरण आपल्या मुंबईचं. चरणजित सिंग, चित्रपटसंगीतातले जुने वादक. १९८२ मध्ये त्यांनी रोलंडची तीन यंत्रं घेतली, टीबी-३०३ (बेसचं), टीआर-८०८ (ठेक्याचं) आणि ज्युपिटर-८ (सिंथ), आणि डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवले. तेव्हा कुणी ढुंकून बघितलं नाही. २०१० मध्ये रेकॉर्ड नव्याने निघाली तेव्हा परदेशातले लोक थक्क झाले, कारण शिकागोचं ॲसिड हाऊस हे नाचाचं संगीत १९८२ नंतर काही वर्षांनी आलं आणि आवाज सारखाच. पण क्रम बघा. राग आधी, यंत्र नंतर. यंत्रातून राग निघाला नाही.

पेटीवर उभी राहत नाही ती चाल नव्हे, हे माझं मत. जुनाट म्हणा हवं तर.

खर्जातला

रेकॉर्डिस्टकाका, पाच वाजता फाईल द्यायची असेल तर मीही प्रीसेटच उघडतो. त्याबद्दल दुमत नाही.

चरणजित सिंगांबद्दल मात्र वाद घालतो. ३०३ मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर सरकण्याची सोय आहे. प्रत्येक पायरीला स्लाइड लावता येते, आणि ते यंत्र मुळात गिटारवाल्यांना सोबत बेस मिळावा म्हणून बनवलेलं. ती स्लाइड ऐकून त्यांच्यातल्या रागदारी कानाला 'अरे, ही तर मींड' असं वाटलं नसेल कशावरून? त्यांच्या मनात काय होतं ते सांगायला आज ते नाहीत, २०१५ मध्ये गेले. पण साध्या पियानोवर तेच दहा राग वाजवले असते तर तो प्रकार आज कुणाच्या आठवणीत राहिला नसता, एवढं खरं. म्हणजे राग आधी असेल, पण रेकॉर्ड जगली ती आवाजामुळे.

@नवशिक्या: व्हायटलपासून सुरू करा. मॅट टायटेलने २०२० मध्ये काढलं, साधी आवृत्ती फुकट मिळते. कुठलं बटण कशामुळे हलतंय ते पडद्यावर हलताना दिसतं, शिकायला त्याच्यासारखं दुसरं नाही. एक ऑसिलेटर (मूळ लहर काढणारा), एक फिल्टर, एक एन्व्हलप. बाकीच्या बटणांना महिनाभर हात लावू नका, ती कुठे पळून जात नाहीत. उशिराचं कारण बफर (कॉम्प्युटर आवाज साठवून एकदम सोडतो तो तुकडा). ४८ हजारच्या सॅम्पल रेटला (सेकंदाला तितके नमुने) ५१२ चा बफर म्हणजे जवळपास अकरा मिलिसेकंद, १२८ म्हणजे पावणेतीनच्या आत. वाजवताना १२८ ठेवा, मिक्स करताना वाढवा. ट्रॅक पक्का झाला की फ्रीझ (तात्पुरता रेकॉर्ड) करा, म्हणजे प्रोसेसर मोकळा होतो.

मिरजेचा

घरात तीन पिढ्यांचं तंतुवाद्यांचं काम, म्हणून राहवलं नाही.

उतरत्या चमकेचं निरीक्षण बरोबर. पण कारण फिल्टरमध्ये नाही, घोडीत आहे. घोडीचा माथा सपाट नसतो, अगदी हलका उतार असतो, आणि तार त्यावर टेकते ती एका बिंदूवर नव्हे. तार जोरात हलते तेव्हा टेकण्याची जागा पुढे-मागे होते. मधे सुताचा दोरा सरकवतो, त्याला आम्ही जीव म्हणतो. केसाएवढा सरकवला तरी आवाज उघडतो नाहीतर मिटतो. जवारी लावणारा कानस आणि कान घेऊन बसतो, त्याला आकडे सांगता येणार नाहीत.

सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये यावर लिहिलं आहे. साधी तार बरोबर मध्यावर छेडली तर दुसरा, चौथा हे सम हार्मोनिक उठायला नकोत, नियम तसा आहे. तंबोऱ्यात ते तरीही उठतात. कारण घोडी खालच्या हार्मोनिकची ताकद उचलून वर वाटत राहते. तुमचा फिल्टर नेमका उलटं करतो. वरचं आधीपासून सगळं असतं, तो फक्त लपवतो आणि दाखवतो. कानाला जवळचं लागेल, पण छेड हलकी-भारी केलीत की फरक उघडा पडेल. खऱ्या तंबोऱ्यात जोरात छेडलं तर नुसता आवाज मोठा होत नाही, त्याची जातच बदलते.

बाकी मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. भीमाकाठचा भोपळा मात्र दरवर्षी महाग होतोय, त्याला मानांकनाचा उपयोग नाही.

खर्जातला

दंडवत! 'लपवतो आणि दाखवतो' हे माझ्या डोक्यात कधी इतकं स्वच्छ नव्हतं. व्हेलॉसिटी (पट्टी किती जोरात दाबली ते) नुसती आवाजाला जोडली होती, ती आता फिल्टरच्या सुरुवातीच्या जागेला आणि एन्व्हलपच्या लांबीलाही जोडून बघतो.

बे एरियातला बाप्या

मिरजेकरांनी जे सांगितलं त्याचं गणित सॉफ्टवेअरमध्ये करता येतं, आणि ते फिल्टरपेक्षा फार वेगळं आहे. सर्जमध्येच स्ट्रिंग नावाचा ऑसिलेटर आहे, तो बघा. मूळ कल्पना केविन कार्प्लस आणि ॲलेक्स स्ट्राँग यांची, १९८३ ची. थोडासा खरखराट एका छोट्या डिले लाइनमध्ये (आवाज जरा उशिरा परत देणाऱ्या वाटेत) सोडायचा, बाहेर आलेला थोडा मऊ करून परत आत ढकलायचा. फेऱ्या मारता मारता त्याची तार होते. डिलेची लांबी म्हणजे सूर: ४८,००० भागिले ६९.३, साधारण ६९२.६ सॅम्पल.

तो पॉइंट सहा फार छळतो. सॅम्पल अर्धंमुर्धं नसतं. खर्जात ६९३ धरलं तर एक सेंटही चुकत नाही, कुणाला कळणार नाही. पण त्याच्या चार सप्तकं वर डिले फक्त ४३.३ सॅम्पलचा उरतो. तिथे ४३ धरलं की सूर जवळजवळ बारा सेंट चढतो, म्हणजे तुमच्या गंधाराएवढाच घोळ. म्हणून मधल्या अपूर्णांकासाठी इंटरपोलेशन (दोन सॅम्पलमधल्या जागेचा अंदाज) करावं लागतं. आणि जवारीसाठी तारेच्या हलण्याच्या जोरावर डिलेची लांबी फेरीगणिक किंचित बदलायची. दोऱ्याच्या जागेचं काम तो एक आकडा करतो. मी घरी कोडमध्ये करून बघितलंय. पहिले दोन सेकंद मिरज, नंतर पत्र्याचा डबा.

रेकॉर्डिस्टकाकांच्या डीएक्स-७ ची मुळं इथलीच. जॉन चाउनिंगला एफएमची, म्हणजे एका लहरीने दुसरीची कंपनसंख्या हलवण्याची, युक्ती १९६७ मध्ये स्टॅनफर्डला सापडली, १९७३ मध्ये त्याने पेपर लिहिला, हक्क यामाहाने घेतले. त्या पेपरातली घंटा आजही फुकटच्या डेक्स्ड या सिंथमध्ये करता येते: कॅरियर (ऐकू येणारी लहर) एक, मॉड्युलेटर (तिला हलवणारी) १.४, आणि मॉड्युलेटरचा एन्व्हलप आवाजाबरोबर विझत जाणारा. देवळातली घंटा हवी असेल तर सॅम्पल शोधू नका, हे करा. मॉड्युलेटरचा आकडा पूर्णांक केला की घंटेची पिपाणी होते.

अवांतर: अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाईन संस्थेत १९६९ मध्येच मूग सिंथ येऊन पोचला होता, अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडरने बसवून दिलेला. आपल्याकडे हे सगळं नवं आहे असं समजू नये.

काळी पाच

गाणारी बाई म्हणून दोन गोष्टी.

एक, गंधार वाजवायचाच नाही ही युक्ती आवडली. सारंगात गंधार वर्ज्य असला तरी मैफलीत तंबोरा तो बोलतच असतो आणि कुणाचं काही बिघडत नाही. उलट गायक जे टाळतो ते मागे झिरपत राहतं, आणि तुमच्या त्या गाणं सोडलेल्या बाईला ते फारच लागू पडतं.

दुसरी तक्रार. सिंथवाले 'शुद्ध ट्यूनिंग' म्हणून ५/४ चा (षड्जाच्या सव्वापट) गंधार ट्यूनिंगच्या फाईलमध्ये कोंबतात आणि समजतात की झालं भारतीय. तोडीचा कोमल गंधार वेगळा, दरबारीचा वेगळा, आणि दरबारीचा तर एका जागी उभाच राहत नाही, झुलतो. तो कुठल्या आकड्यावर ठेवणार? माझ्या एका विद्यार्थ्याने अशा फाईलवर रियाज केला. त्याचे सूर सगळे बरोबर आणि राग कुठेच नाही.

तरी ती फाईल कशी करतात ते सांगा. मला काळी पाचचा षड्ज हवाय. सुगम शिकवताना उपयोग होईल.

खर्जातला

सगळं मान्य. स्थिर सूर लागतात तिथेच ती फाईल वापरायची. झुलणाऱ्या सुराला पिच बेंड नाहीतर सरळ गळा.

फाईल अगदी साधी असते, नोटपॅडमध्ये लिहिता येते. स्काला फॉरमॅट म्हणतात. पहिल्या ओळीत वर्णन, दुसरीत सुरांची संख्या, समजा १२. मग एकाखाली एक गुणोत्तरं: १६/१५, ९/८, ६/५, ५/४, ४/३, ४५/३२, ३/२, ८/५, ५/३, ९/५, १५/८ आणि शेवटी २/१. फाईलमध्ये अर्थात इंग्रजी अंक. षड्ज लिहायचा नाही, तो गृहीत असतो. ही फाईल सर्जवर ओढून टाकली की लागू होते. मेख अशी की सांगितलं नाही तर षड्ज पांढरी एकवर धरला जातो, आणि काळी पाचला सा मानून गायला लागलात की सगळी गुणोत्तरं सरकून भलताच गंधार हाती येतो. त्यासाठी कीबोर्ड मॅपिंगची वेगळी फाईल लागते, तिच्यात मूळ पट्टी काळी पाच द्यायची. मी करून पाठवतो, व्यनि (व्यक्तिगत निरोप) बघा.

नाट्यगृहाबद्दल एक राहिलं. लहान थिएटरातले स्पीकरचे बॉक्स ६९ हर्ट्झ बऱ्याचदा काढतच नाहीत. हेडफोनमध्ये भरदार वाटणारा खर्ज तिथे गायब होतो. इक्वलायझरने खालचं वाढवलं तर बॉक्स फडफडतो आणि खर्ज तरीही येत नाही. त्यापेक्षा खर्जाच्या ट्रॅकला थोडं सॅच्युरेशन (आवाज मुद्दाम किंचित फाटवणं) द्यायचं, म्हणजे १३९, २०८ वगैरे हार्मोनिक ठळक होतात. ते ऐकून कान खालचा सूर आपल्या पदरचा भरून घेतो. तालमीच्या हॉलमध्ये मोबाईलच्या स्पीकरवर वाजवून बघायचं. तिथे खर्ज 'आहे' असं वाटलं तर थिएटरात अडचण येत नाही.

नवशिक्या_२४

व्हायटल टाकलं. एक ऑसिलेटर, एक फिल्टर. एक सूर दाबून बसलोय, आई विचारून गेली फ्रिज बिघडलाय का.

कोथरूडी भुंगा

म्हणजे जमतंय. फ्रिजची पट्टी कुठली ते बघून ठेवा, जुगलबंदी होईल.

जुना रेकॉर्डिस्ट

सगळं वाचलं. मोबाईलवर ऐकून बघायचं ते पटलं, आम्ही त्यासाठी मुद्दाम एक टिनपाट स्पीकर टेबलावर ठेवायचो.

पण माझा प्रश्न तसाच आहे. ती सारंगाची चाल पेटीवर वाजवून बघितलीत का?

खर्जातला

बघितली. पेटीवर अगदीच साधी वाटते. सा-रे-म-रे, मग नी-सा आणि पंचमावर थांबणं. शिकाऊ मुलगाही वाजवेल. पण ती बाई बोलायची थांबते आणि त्या मधल्या जागेत नुसता रे-म येतो, मागून तंबोऱ्याचा गंधार वर येतो, तेव्हा तालमीत ती नटी पुढचं वाक्य घ्यायला जरा जास्त थांबायला लागली. दिग्दर्शकाने तो थांबा तसाच ठेवलाय.

जुना रेकॉर्डिस्ट

म्हणजे पेटीवर उभी राहिली नाही. मग तो आवाज आहे, चाल नाही. चांगला असेल, नाही कुठे म्हणतोय.

फाईल पाठवा, ऐकतो. वेव्ह पाठवा, एमपीथ्री नको. आणि खर्जाचा ट्रॅक वेगळा द्या, सॅच्युरेशन जास्त झालंय असा मला आत्ताच संशय आहे.